सर्व्हर दोन, पण काम करतो एकच! मल्टिकास्ट एनएलबी अनेक स्विचवर का अडतं आणि बिघाड कसा शोधायचा?



फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. तुम्ही फोनवर कॉलेजचं पोर्टल उघडता आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहतं. चौकशी केली की उत्तर ठरलेलं, "सर्व्हरवर लोड आलाय." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी पोर्टलमागे दोन सर्व्हर असतात, त्यातला एक घामाघूम झालेला असतो आणि दुसरा निवांत बसलेला असतो. दुसरा बिघडलेला नसतो, त्याच्यापर्यंत काम पोहोचतच नसतं.

असं का होतं आणि ते कसं शोधायचं, हे आज आपण बघणार आहोत. उदाहरण म्हणून मायक्रोसॉफ्टचं नेटवर्क लोड बॅलन्सिंग, म्हणजे एनएलबी घेऊया. विंडोज एनटी ४.० च्या काळात याचं नाव विंडोज लोड बॅलन्सिंग सर्व्हिस होतं, विंडोज २००० पासून ते एनएलबी झालं. आयटी किंवा कॉम्प्युटर शाखेत शिकत असाल, किंवा उद्या नेटवर्कच्या नोकरीत जाणार असाल, तर हा बिघाड एकदा नीट समजून घ्या.

एनएलबी नेमकं करतं काय?

लोड बॅलन्सर म्हटलं की बहुतेकांना वाटतं, पुढे एक मशीन बसलेलं असतं आणि ते काम वाटून देतं. एनएलबीमध्ये असं मधलं मशीन नसतंच. सगळ्या सर्व्हरना मिळून एकच आयपी ॲड्रेस असतो, त्याला क्लस्टर आयपी म्हणतात. त्या आयपीवर आलेलं प्रत्येक पॅकेट प्रत्येक सर्व्हरकडे जातं. मग प्रत्येक सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी बघून एक गणित करतो आणि ठरवतो, हे माझं की दुसऱ्याचं. माझं असेल तर उत्तर द्यायचं, नसेल तर टाकून द्यायचं. एका क्लस्टरमध्ये असे जास्तीत जास्त ३२ सर्व्हर असू शकतात.

हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. "कमिटी" या नावाने पत्र आलं की त्याची एक एक प्रत सगळ्या मेंबरना मिळते. आधीच ठरलेलं असतं की सम नंबरच्या फ्लॅटची तक्रार जोशी काकांनी बघायची, विषम नंबरची शेख काकांनी. दोघंही पत्र उघडतात, पण उत्तर एकच जण देतो. ही पद्धत चालते कधी? पत्राची प्रत दोघांपर्यंत पोहोचली तरच!

दुसरी गोष्ट, सर्व्हर एकमेकांना सतत "मी जिवंत आहे" असं सांगत असतात. याला हार्टबीट म्हणतात. साधारणपणे दर सेकंदाला एक हार्टबीट जातो. लागोपाठ पाच चुकले की बाकीचे सर्व्हर समजतात, हा गेला, आणि त्याचं काम आपसात वाटून घेतात. या नव्याने वाटणी करण्याला कन्व्हर्जन्स म्हणतात.

मल्टिकास्ट मोड कशासाठी?

स्विचचं साधं तत्त्व असं की कुठल्या पोर्टवर कुठला मॅक ॲड्रेस आहे हे तो शिकतो आणि पॅकेट फक्त त्याच पोर्टला देतो. एनएलबीला मात्र एकच पॅकेट अनेक पोर्टना हवं असतं. यासाठी तीन मोड आहेत.

१. युनिकास्ट: क्लस्टरचा मॅक ॲड्रेस ०२-बीएफ ने सुरू होतो. हा ॲड्रेस स्विचने शिकूच नये अशी मुद्दाम व्यवस्था केलेली असते. त्यामुळे स्विच ते पॅकेट त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर ओततो. यालाच फ्लडिंग म्हणतात.

२. मल्टिकास्ट: मॅक ॲड्रेस ०३-बीएफ ने सुरू होतो आणि पुढे क्लस्टर आयपीचे चार आकडे हेक्स रूपात येतात. समजा क्लस्टर आयपी १९२.१६८.१०.५० आहे, तर मॅक ॲड्रेस ०३-बीएफ-सी०-ए८-०ए-३२ होतो.

३. आयजीएमपी मल्टिकास्ट: इथे मॅक ॲड्रेस ०१-००-५ई-७एफ ने सुरू होतो आणि पुढे आयपीचे फक्त शेवटचे दोन आकडे येतात. वरच्या उदाहरणात ०१-००-५ई-७एफ-०ए-३२. सर्व्हर स्वतःच स्विचला कळवत राहतात, "या ग्रुपची पॅकेट मला पाठव."

मल्टिकास्ट तुम्हाला अगदीच परकं नाही बरं का. फोनवर कास्टचं बटण दाबल्यावर घरातला टीव्ही शोधला जातो, तेव्हा फोनही मल्टिकास्टच वापरत असतो. एकाने हाक मारायची आणि ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐकायचं.

एका स्विचवर चालतं, मग दोन झाल्यावर काय होतं?

आता मुख्य मुद्दा. मल्टिकास्ट मोडमध्ये काहीच सेटिंग केलं नाही तर साधारणपणे स्विच ०३-बीएफ वाली पॅकेट सगळीकडे ओततो. काम चालतं, पण त्या व्हीलॅनमधल्या प्रत्येक प्रिंटर, कॅमेरा आणि पीसीला नको असलेला ट्रॅफिक झेलावा लागतो. हे थांबवायला नेटवर्क ॲडमिन स्विचवर स्टॅटिक मॅक एन्ट्री टाकतो, म्हणजे हा मॅक ॲड्रेस फक्त या आणि या पोर्टला दे, असं स्विचला लिहून देतो.

एकच स्विच असेल तर ही यादी सोपी असते, दोन सर्व्हरचे दोन पोर्ट. पण समजा पहिला सर्व्हर स्विच एकवर आहे आणि दुसरा सर्व्हर स्विच दोनवर. एक स्विच जळाला तरी सेवा चालू राहावी म्हणून मुद्दाम असं करतात, आणि ते योग्यच आहे. राउटर स्विच एकला जोडलेला आहे. आता ॲडमिनने स्विच एकवर पहिल्या सर्व्हरचा पोर्ट लिहिला, स्विच दोनवर दुसऱ्या सर्व्हरचा. कागदावर सगळं बरोबर दिसतं. पण दोन स्विचना जोडणारी केबल ज्या पोर्टमध्ये आहे, तो पोर्ट कुणाच्याच यादीत नाही! या पोर्टला आपण अपलिंक म्हणूया.

परत सोसायटीत या. ए विंगच्या वॉचमनच्या वहीत फक्त जोशी काका आहेत आणि बी विंगच्या वॉचमनच्या वहीत फक्त शेख काका. पत्र येतं ए विंगच्या गेटवर. ए विंगचा वॉचमन जोशी काकांना प्रत देतो आणि काम संपलं म्हणतो. "एक प्रत बी विंगलाही पाठव" हे त्याच्या वहीत लिहिलेलंच नाही. बी विंगचा वॉचमन अगदी प्रामाणिक आहे, पण त्याच्याकडे पत्रच येत नाही.

आता पुढचं बघा. मल्टिकास्ट मोडमध्ये हार्टबीटही याच क्लस्टर मॅक ॲड्रेसवर जातात. म्हणजे तेही अपलिंकपाशी अडतात. पहिल्या सर्व्हरला वाटतं दुसरा मेला, दुसऱ्याला वाटतं पहिला मेला. दोघेही आपापल्या जागी सगळं काम अंगावर घेतात. पण काम येतं फक्त पहिल्याकडे. परिणाम असा की पोर्टल चालू आहे, कुणाची तक्रार नाही, सगळे खूश. मग एक दिवस गर्दी वाढते आणि पहिला सर्व्हर गुदमरतो. किंवा अपडेटसाठी तो रीस्टार्ट केला जातो आणि पोर्टल पूर्ण बंद पडतं, जरी दुसरा सर्व्हर ठणठणीत असला तरी. दोन सर्व्हरचा खर्च केला, पण उपयोग एकाचाच झाला. हा बिघाड अवघड ठरतो तो यामुळेच, रोजच्या वापरात तो दिसत नाही.

लक्षणावरून अंदाज बांधा

डॉक्टर आधी लक्षणं विचारतात, आपणही तेच करूया.

१. त्याच व्हीलॅनमधून पोर्टल उघडतं, बाहेरून अजिबात नाही: संशय राउटरवर. राउटर क्लस्टर आयपीचा मॅक ॲड्रेस विचारतो आणि उत्तरात मल्टिकास्ट मॅक ॲड्रेस येतो. एका मशीनच्या आयपीसाठी मल्टिकास्ट मॅक ॲड्रेस सांगणाऱ्या उत्तरावर राउटरने विश्वास ठेवू नये, असं १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्येच लिहिलंय. सिस्कोचे राउटर हा नियम पाळतात. म्हणजे राउटर बिघडलेला नाही, तो शिस्तीत वागतोय. उपाय म्हणजे राउटरवर स्टॅटिक एआरपी एन्ट्री टाकणं. राउटर जोडीने लावलेले असतील तर दोन्हींवर.

२. सगळं चालतंय, पण एका सर्व्हरवरच भार आहे आणि तो बंद केला की सगळंच बंद: संशय अपलिंकवर. वर सांगितलेला बिघाड हाच.

३. क्लस्टर सतत कन्व्हर्जिंग दाखवतोय: हार्टबीट एका बाजूने जातायत, दुसऱ्या बाजूने नाही. बहुतेक एका स्विचच्या यादीत अपलिंक आहे किंवा तिथे एन्ट्रीच नाही, आणि दुसऱ्या स्विचच्या यादीत अपलिंक राहून गेली आहे.

४. क्लस्टरशी संबंध नसलेली मशीनंही स्लो झालीत, सगळ्या पोर्टचे दिवे एकदम लुकलुकतायत: फ्लडिंग चालू आहे. कुठल्या तरी स्विचवर एन्ट्रीच नाही.

५. सुरुवातीला दोन्ही सर्व्हरना काम मिळत होतं, आयजीएमपी मोड चालू केल्यावर किंवा स्विचवर स्नूपिंग चालू केल्यावर एकाचं बंद झालं: संशय क्वेरिअरवर. याबद्दल पुढे बोलू.

६. काही लोकांना एरर, काहींना नाही, आणि दोन्ही सर्व्हर एकमेकांना व्यवस्थित दिसतायत: इथे स्विचच्या मागे लागू नका. एका सर्व्हरवरचं ॲप बंद पडलंय का ते आधी बघा. सर्व्हर जिवंत आहे की नाही एवढंच एनएलबीला कळतं, त्यावरची वेबसाइट चालू आहे की नाही हे कळत नाही. ॲप मेलेलं असलं तरी त्या सर्व्हरकडे त्याच्या वाट्याचे लोक जातच राहतात.

शोधायचं कसं? पत्राच्या वाटेने चालत जा

कुठलंही सेटिंग बदलण्याआधी कागद-पेन घ्या. खरंच घ्या. घाईत दोन-तीन सेटिंग बदलली की मूळ बिघाड कुठला होता हेच कळेनासं होतं.

पहिली पायरी: क्लस्टर आयपी, मोड आणि व्हीलॅन नंबर लिहा. आयपीवरून मॅक ॲड्रेस स्वतः काढा. १९२ म्हणजे सी०, १६८ म्हणजे ए८, १० म्हणजे ०ए, ५० म्हणजे ३२. फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये हेक्सची सोय नसली तरी हे हाताने जमतं, १६ ने भागायचं, भागाकार आणि बाकी लिहायची. कुणीतरी मोड बदलला आणि स्विचवर जुनाच मॅक ॲड्रेस राहिला, असं असेल तर ते इथेच सापडतं.

दुसरी पायरी: प्रत्येक सर्व्हरवर एनएलबी क्वेरी ही कमांड चालवा. आपल्याबरोबर कोण कोण आहे याची यादी सर्व्हर देतो. दोन्ही सर्व्हरच्या याद्या जुळल्या पाहिजेत. प्रत्येक जण फक्त स्वतःचंच नाव सांगत असेल तर हार्टबीट अडतायत.

तिसरी पायरी: राउटरचा एआरपी टेबल बघा. क्लस्टर आयपीसमोर तुम्ही काढलेलाच मॅक ॲड्रेस आहे ना?

चौथी पायरी: वाटेतल्या प्रत्येक स्विचवर जाऊन त्या मॅक ॲड्रेसची एन्ट्री बघा आणि कागदावर दोन रकाने करा, "यादीत काय आहे" आणि "काय असायला हवं". नियम एकच: ज्या ज्या पोर्टपलीकडे क्लस्टरचा कुठलाही सर्व्हर आहे, तो पोर्ट यादीत हवा. सर्व्हर थेट जोडलेला असो की पुढच्या स्विचपलीकडे असो. आपल्या उदाहरणात स्विच एकच्या यादीत पहिला सर्व्हर आणि स्विच दोनकडे जाणारी अपलिंक हवी. स्विच दोनच्या यादीत दुसरा सर्व्हर आणि स्विच एककडे जाणारी अपलिंक. मध्ये तिसरा, कोअर स्विच असेल तर त्याला एकही सर्व्हर जोडलेला नसला तरी त्याच्यावर एन्ट्री हवी, दोन्ही स्विचकडे जाणाऱ्या पोर्टची.

पाचवी पायरी: तरीही कोडं सुटलं नाही तर पॅकेट डोळ्यांनी बघा. निवांत बसलेल्या सर्व्हरच्या पोर्टचं स्विचवर मिररिंग चालू करा, म्हणजे त्या पोर्टवर जाणाऱ्या पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर मिळेल. तिथे लॅपटॉप लावून वायरशार्कमध्ये क्लस्टर मॅक ॲड्रेस शोधा. सर्व्हरच्या आत कॅप्चर करण्यापेक्षा हे बरं, कारण एनएलबीने टाकून दिलेली पॅकेट आत दिसतीलच असं नाही. पॅकेट इथे येत नसतील तर एक स्विच मागे जा आणि पुन्हा बघा. ज्या स्विचमध्ये पॅकेट शिरतं पण पुढे बाहेर पडत नाही, तिथेच बिघाड आहे. एनएलबीच्या बिघाडात बहुतेक वेळ अंदाज लावण्यात जातो, या पायरीवर अंदाज लावावाच लागत नाही.

एन्ट्री टाकताना हमखास सुटणाऱ्या गोष्टी

अपलिंक दोन-तीन केबलची मिळून एक पोर्ट-चॅनल असेल तर यादीत पोर्ट-चॅनल लिहा, त्यातली एखादी केबल नाही. अपलिंकवरून तो व्हीलॅन जाऊ दिलाय ना, हेही बघा.

दोन स्विचमध्ये राखीव वाट असेल तर ती एरवी स्पॅनिंग ट्रीने बंद ठेवलेली असते. पण यादीत ती आधीच लिहून ठेवा. नाहीतर मुख्य केबल तुटेल, राखीव वाट चालू होईल, बाकी सगळं चालेल आणि फक्त क्लस्टर अडेल.

सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असतील तर आणखी एक गोष्ट. मशीन एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलवलं की त्याचा स्विच पोर्ट बदलतो. स्टॅटिक एन्ट्री मात्र हलत नाही, ती जुन्याच पोर्टकडे बोट दाखवत बसते. म्हणून ते मशीन जिथे जिथे जाऊ शकतं, ते सगळे पोर्ट यादीत हवेत.

आयजीएमपी मोड आणि हरवलेला क्वेरिअर

हाताने याद्या लिहायचा कंटाळा असेल तर आयजीएमपी मोड बरा वाटतो. सर्व्हर स्वतः सांगतात आणि आयजीएमपी स्नूपिंग चालू असलेला स्विच ते ऐकून यादी बनवतो. पण इथेही दुसरा स्विच आला की गोची होते.

सर्व्हरने कळवलेला निरोप स्विच सगळीकडे पाठवत नाही. ज्या दिशेला मल्टिकास्ट राउटर किंवा क्वेरिअर आहे, तिकडेच पाठवतो. क्वेरिअर म्हणजे ठरावीक वेळाने "या ग्रुपमध्ये कोण कोण आहे?" असं विचारणारा. नेटवर्कमध्ये क्वेरिअरच नसेल तर स्विच दोनला कळत नाही की दुसऱ्या सर्व्हरचा निरोप पुढे कुणाला द्यायचा. निरोप तिथेच राहतो. स्विच एकच्या दृष्टीने दुसरा सर्व्हर अस्तित्वातच नाही. परिणाम पुन्हा तोच, एक सर्व्हर घामाघूम, दुसरा निवांत.

उपाय सोपा आहे. त्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअर चालू करा, शक्यतो कोअर स्विचवर. मग प्रत्येक स्विचवर स्नूपिंगची यादी तपासा, अपलिंकचा पोर्ट तिथे आपोआप आलेला दिसला पाहिजे.

आणखी एक मेख आहे. एनएलबीच्या पॅकेटमध्ये मॅक ॲड्रेस मल्टिकास्टचा असतो, पण आयपी साधा असतो. काही स्विच मल्टिकास्टचा निर्णय मॅक ॲड्रेस बघून नाही, आयपी बघून घेतात, आणि मग स्नूपिंगची यादी बरोबर असूनही उपयोग होत नाही. सिस्को नेक्सस ७००० मध्ये यासाठी मॅक ॲड्रेसवरून शोधायचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. म्हणून स्विचच्या मॉडेलचं डॉक्युमेंट एकदा वाचाच.

तुम्ही फोनवरून काय करू शकता?

स्विच तुमच्या हातात नसला तरी तक्रार नीट करणं हातात आहे. एनएलबी साधारणपणे तुमच्या आयपीवरून सर्व्हर ठरवतं. घरच्या वायफायवरचे सगळे फोन बाहेर एकाच आयपीने दिसतात, म्हणून ते सहसा एकाच सर्व्हरकडे जातात. वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की आयपी बदलतो आणि सर्व्हरही बदलू शकतो. डेटावर उघडतं आणि वायफायवर नाही, असं झालं तर तो पुरावा नाही, कारणं दुसरीही असू शकतात, पण खूण नक्की आहे. हेल्पडेस्कला नुसतं "साइट चालत नाही" सांगू नका. वेळ, वायफाय की डेटा, तेव्हाचा पब्लिक आयपी आणि एररचा स्क्रीनशॉट, एवढं द्या. त्यावरून पलीकडचा माणूस थेट त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकतो.

आणि उद्या तुम्हीच पलीकडच्या खुर्चीत बसलात, तर दुरुस्ती झाल्यावर एक चाचणी चुकवू नका. गर्दी नसलेली वेळ बघा, सगळ्यांना कळवा आणि पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करा. दहा-पंधरा सेकंद थांबून पोर्टल उघडा. मग पहिला चालू करून दुसरा बंद करा आणि पुन्हा तेच. शक्य असेल तर एक अपलिंकही काढून बघा. दोन्ही वेळा पोर्टल उघडलं तरच तुमच्याकडे खरोखर दोन सर्व्हर आहेत. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधी झालेली बरी.